‘जंगलात ४५०च्या खाली बघूच नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माझी भाची वनरक्षक आहे. किनवटकडच्या सागवानात तिला बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा तुकडा, मिळालंय. बीटवर फिरायला मोटरसायकल हवी, म्हणून बोलून-चालून आमचं दोनशे सीसीवर ठरलं होतं. परवा फोन आला, "मामा, साडेचारशेचीच घेते, कर्ज काढते." कारण विचारलं तर तिने एक फॉरवर्ड पाठवला. तिच्या सगळ्या बॅचमध्ये तो फिरतोय. माझ्याकडेही आधी येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिला. आता तो घरातल्या पोरीला लाखभराच्या जादा कर्जात घालायला निघालाय, म्हणून बसून लिहितोय.

फॉरवर्ड थोडक्यात असा: "जंगलात जायचं तर ४५० सीसीच्या खाली बघूच नका. डकारमध्ये ४५०च का चालवतात? कमी सीसी चढाला मरते. जड गाडी जमीन धरून चालते, हलकी उडते. दोन्ही तळपाय सपाट टेकले की गाडी ताब्यात. सायलेन्सर मोकळा करा, ताकद वाढते. टायर कडक ठेवा, पंक्चर होत नाही. आधी लहान, मग मोठी यात दोनदा पैसे जातात. आणि जंगलात कुणी विचारत नाही, बिनधास्त फिरा."

आधी डकारचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. डकार ही लांब पल्ल्याची रॅली शर्यत, आणि तिथे मोटरसायकलला ४५० सीसी ही कमाल मर्यादा आहे. कमाल, किमान नव्हे. २०११ पासून ती सगळ्यांना लागू झाली. त्याआधी तिथे याहून मोठ्या इंजिनाच्या गाड्या धावायच्या. वेग फार वाढला म्हणून आयोजकांनी इंजिनं लहान करायला लावली. म्हणजे 'मोठी घ्या' म्हणून ज्या आकड्याचा दाखला देताय, तो आकडाच मुळात 'लहान करा' म्हणून आलेला आहे. शिवाय २०२० पासून ती शर्यत सौदी अरेबियात होते. वाळू, खडक आणि मैलोन्मैल मोकळं रान. तिथे सागाची खोडं चुकवत जायचं नसतं.

झाडांतली शर्यत बघायची तर एन्ड्युरो, म्हणजे रानवाटांवरची मोटरसायकल शर्यत, बघा. एन्ड्युरोजीपी या जागतिक स्पर्धेत इंजिनाप्रमाणे तीन गट असतात आणि तिन्ही गट मिळून एक एकूण विजेता ठरतो. २०२४ साली तो मान स्पेनच्या जोसेप गार्सियाने मिळवला, केटीएमच्या २५० सीसी फोर-स्ट्रोकवर, सगळ्यांत लहान इंजिनाच्या गटातून. मोठ्या इंजिनांच्या दोन्ही गटांतले स्वार त्याच्या मागे राहिले. त्याची गाडी शंभर किलोच्या आसपास भरते. ती स्पर्धेची गाडी आहे, तिच्यावर कुणी बीट फिरणार नाही, हे मलाही कळतं. पण दाखलाच द्यायचा तर जंगलातला द्या, वाळवंटातला कशाला?

आता तो वजनाचा मुद्दा. बाकीचं सगळं एक वेळ चालेल, पण या एका वाक्याने कुणाचा तरी पाय मोडेल.

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५०चं वजन पेट्रोलसकट १९६ किलो. हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीचं १६०च्या आत. फरक सदतीस-अडतीस किलोचा, म्हणजे युरियाच्या गोणीपेक्षा सात-आठ किलो कमी. हायवेवर वारा कापताना हे वजन कामाला येतं, गाडी डगमगत नाही. कच्च्या उतारावर मात्र हिशेब वेगळा होतो. वजन वाढलं की टायरची पकड वाढते हे खरं, पण गाडी थांबवायला आणि वळवायला लागणारा जोरही तेवढ्याच पटीत वाढतो. हाती काहीच लागत नाही. उलट जंगलात गाडी वळते ती हॅण्डलपेक्षा अंगाने. फूटरेस्टवर उभं राहून शरीर इकडेतिकडे टाकायचं असतं. बावन्न किलोच्या पोरीने अंग टाकलं तर एकशे साठ किलोच्या गाडीला ते कळतं. दोनशे किलोच्या गाडीला फारसं कळत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात येऊन बघा. सागाची पानं गळून पायवाटेवर घोट्याएवढा थर असतो. खाली तोडलेल्या झाडाचा खुंट आहे, दगड आहे की पावसाळ्यात गुरांच्या पायांनी पडलेला खड्डा, काही दिसत नाही. पुढचं चाक खुंटाला लागतं, हॅण्डल हातातून फिरतं आणि दहा-बाराच्या वेगातही गाडी आडवी होते. नवखा असो की जुना, जंगलात गाडी पडतेच. ती पडणार हे धरूनच निवडायची असते.

पडल्यावर काय होतं हे फॉरवर्डवाल्याने कधी पाहिलेलं दिसत नाही. उतारावर गाडी पडली आणि चाकं चढाच्या बाजूला राहिली, तर ती जागच्या जागी उचलताच येत नाही. आधी हॅण्डल किंवा मागचं ग्रॅब रेल धरून ती जमिनीवरच फिरवायची, चाकं उताराकडे आणायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे जाते. गिअर टाकायचा, म्हणजे घरंगळत नाही. मग सीटला कंबर लावून, पाठ गाडीकडे करून, पायांच्या जोराने मागे रेटत उचलायची. एकशे साठ किलोची गाडी भाची अशी एकटी उचलते. माझ्या गॅरेजसमोर मी तिच्याकडून करून घेतलंय. त्याच जागेवर गिऱ्हाईकाची साडेचारशे आडवी केली, तर ती जमिनीवर फिरवायलाच आम्हाला दोघं लागले. बीटवर दुसरं माणूस कुठून आणायचं? मोबाइलला रेंज नसते, आणि पाय खाली अडकला तर तो सोडवायलाही गाडी आधी हलवावी लागते.

त्यातच आगीचं. तापलेला सायलेन्सर वाळलेल्या पानांत पडून राहिला तर ती पेटायला वेळ लागत नाही. उन्हाळाभर वणवे विझवत फिरणं हे जिचं काम, तिच्याच गाडीने वणवा लावायचा का? जी गाडी लवकर उभी करता येते ती इथे जास्त सुरक्षित. आणि सायलेन्सर मोकळा करण्याबद्दल एवढंच सांगतो: ताकद वाढल्यासारखा आवाज येतो, तेवढंच. प्राणी उठतात, आरटीओ दंड करतो, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रणही बिघडू शकतं.

'कमी सीसी चढाला मरते' याचं बघू. साडेचारशेला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, जास्त आहे, यात वाद नाही: हिमालयनचा ४० न्यूटन मीटर, एक्सपल्स २०० ४व्हीचा १७.३५. पण चढ चढतं ते मागचं चाक, आणि चाकापर्यंत पोचणारा जोर गिअरवरही ठरतो. पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक, तेरा दातांचा असेल तर बारा दातांचा घाला, चाकावरचा जोर आठ टक्क्यांनी वाढतो. टॉप स्पीड तेवढा कमी होईल, जंगलात तो कुणाला लागतो? आणि पानांवर, मुरमावर अडचण ताकद कमी पडण्याची नसतेच, पकड कमी पडण्याची असते. तिथे जादा टॉर्क आला की मागचं चाक जागेवरच फिरतं आणि खड्डा खणतं. दोनशे सीसी मरते ती बहुतेक वेळा चुकीच्या गिअरमुळे, दुसऱ्यात चढवायला गेलं म्हणून. क्लच जळालेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांत लहान-मोठ्या दोन्ही असतात.

तळपाय सपाट टेकण्याचं तर बळंच घुसवलंय. हिमालयन ४५०ची सीट ८२५ मिलिमीटर, एक्सपल्स २००ची जवळपास तेवढीच. मग साडेचारशे घेऊन पाय जास्त कसे टेकणार? एका पायाचा चवडा टेकला आणि कंबर थोडी सरकवता आली तरी भागतं. कावासाकीची केएलएक्स २३० याहून हलकी आहे, १३९ किलो, पण तिची सीट ८८० मिलिमीटर. भाची पाच फूट दोन इंच. तिच्यासाठी मी ती नको म्हणालो ते उंचीमुळे, आणि सामानासाठी दर वेळी नांदेडपर्यंत किंवा त्याहून लांब जावं लागेल म्हणूनही. हिरोचं सामान तालुक्याला मिळतं. आडरानात क्लच लिव्हर तुटल्यावर ही गोष्ट सीसीपेक्षा मोठी ठरते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. महिन्यातून चार वेळा किनवट ते नांदेड करायचं, मागे माणूस, वर सामान, तर दोनशे सीसी दमते. नव्वदच्या पुढे इंजिन ओरडायला लागतं, ओव्हरटेकला हिशेब करावा लागतो. ज्याचा ऐंशी टक्के प्रवास डांबरावर आहे आणि जंगल म्हणजे गावाकडचा मुरमाड रस्ता, त्याने खुशाल साडेचारशे घ्यावी, ती चांगली गाडी आहे. मधलं हवं असेल तर २०२५ला आलेली एक्सपल्स २१० आहे, १६८ किलोची. पण मग फॉरवर्डात 'जंगल' लिहू नका, 'प्रवास' लिहा. वजनदार माणसांचंही असंच. नव्वद किलोच्या माणसाला सीसी नाही, सस्पेन्शनची कडक स्प्रिंग लागते.

टायर कडक ठेवण्याने पंक्चर टळत नाही. वेड्या बाभळीचा काटा कडक टायरातही जातो, आणि कडक टायर दगडावरून घसरतो. ट्यूबच्या टायरात जंगलात हवा वीस पीएसआयच्या आसपास ठेवा. फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चेपून फाटते. डांबरावर येताना परत भरा. सीटखाली एक ट्यूब, दोन लिव्हर आणि हातपंप.

'कुणी विचारत नाही' हे तर सरळ बेकायदा. पैनगंगा अभयारण्य असो की गौताळा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. असल्या हौशी लोकांना अडवायचं काम माझ्या भाचीच्याच अंगावर येतं, आणि हाच फॉरवर्ड तिच्या बॅचमधली पोरं-पोरी पुढे पाठवतायत.

राहिला दोनदा पैसे जाण्याचा मुद्दा. जुनी, नीट ठेवलेली दोनशे घ्या. दोन-तीन वर्षांनी विकताना फार तुटत नाही, आणि तोवर कळतं की आपल्याला नेमकं काय लागतं. जे पैसे उरतात त्यांचे घोट्यापर्यंतचे कडक बूट, नीगार्ड आणि आयएसआयचं हेल्मेट घ्या. भाचीला मी सांगितलंय, बुकिंग करायच्या आधी शोरूमवाल्याला म्हण, डेमो गाडी मातीत आडवी करून एकदा उचलून बघू द्या. तो नाही म्हणाला तर गॅरेजला ये, इथे दोन्ही गाड्या आहेत.