लाव्हा पेटवायला निऑन लागत नाही

मिनिएचर वॉरगेमिंगवाल्यांमध्ये, म्हणजे छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळणाऱ्यांमध्ये, एक सल्ला सतत फिरत असतो: टेरेन, म्हणजे त्या टेबलावरच्या टेकड्या, नद्या, इमारती, पेटलेलं, झळाळतं दाखवायचं तर फ्लुरोसंट (निऑन) रंग, अंधारात चमकणारी पावडर, आत एलईडी आणि हातात एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी पेनासारखी बंदूक), या चार गोष्टी हव्यातच. नवा माणूस ही यादी घेऊन दुकानात जातो, किंमती बघतो आणि लाव्हाच्या नदीचा बेत सोडून साधी टेकडी करायला घेतो. यादीतली एकही वस्तू वाईट नाही. ‘हव्यातच’ हे मात्र साफ चूक.

आधी फ्लुरोसंट. अतिनील आणि निळे-जांभळे किरण शोषून हा रंग ते आपल्या रंगात परत फेकतो, म्हणून उन्हात भगभगतो. घरातल्या एलईडी दिव्यांत अतिनील जवळपास नसतंच, तिथे त्याचा तोरा बराच उतरतो. शिवाय झाकणशक्ती कमी. काळ्यावर थेट लावला तर दिसतही नाही, आणि उन्हात लवकर विटतो. पांढऱ्या अस्तरावर शेवटचा पातळ हात म्हणून जरूर वापरा. सगळीकडे फासलात तर गणपतीचं मखर तयार होईल.

मग झळाळी येते कशाने? लाव्हाचंच बघा. इतर टेरेनवर उंचवटे उजळायचे आणि खाचा गडद ठेवायच्या, ही हाताला सवय. लाव्हात तीच दगा देते. बेसाल्टी लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो. हवा लागून वरची साल काळी पडते, आतलं तापलेलंच राहतं. म्हणजे सगळ्यात उजळ जागा भेगेच्या तळाशी. आधी भेग पूर्ण पांढरी करा. त्यावर पिवळ्याचे पातळ हात, काठाकडे नारिंगी, अगदी कडेला काळपट लाल. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने (यालाच ड्रायब्रश म्हणतात) सालीच्या माथ्यावरून काळा फिरवा. भेगेत एक थेंबही उतरता कामा नये. सालीचा नमुना हवा असेल तर सह्याद्रीचा कातळ आहेच, तोही गोठलेला लाव्हाच. या सगळ्याला साधे अ‍ॅक्रिलिक पुरतात.

चमकणारी पावडर, म्हणजे बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट. दिवे घालवले की सुरेख हिरवी दिसते. पण दिवे घालवून खेळणार कोण? फासे वाचायचे असतात, टेपने इंच मोजायचे असतात. उजेडात तिचा फिकट, खरखरीत थर तेवढा दिसतो. बारीक दळली तर चमक घटते. गेम्स वर्कशॉप या मिनिएचर आणि रंग बनवणाऱ्या कंपनीच्या ‘टेसरॅक्ट ग्लो’च्या नावावरही जाऊ नका. तो अंधारात चमकणारा रंग नाही, उजळ अस्तरावर चढवायचा पारदर्शक भडक हिरवा आहे.

एलईडीच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. कंदील, खिडकी, फोटोसाठी मंद उजेडात ठेवलेलं मंदिर, तिथे त्याला तोड नाही. पण ट्यूबलाइटखाली टी-लाइटचा, म्हणजे सेलवरच्या इवल्या एलईडी पणतीचा, जीव तो केवढा! भिंतीवर पडलेला उजेड शेवटी रंगवावाच लागतो. सांध्यांतून प्रकाश गळतो तो वेगळा. आतून काळा रंग किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा. घरात लहान मूल असेल तर बटण सेलच्या खोबणीला स्क्रूचं झाकण हवंच. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतो.

राहिला एअरब्रश, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. समजा टेरेनवर एक हिरवा चमकणारा स्फटिक आहे आणि त्याचा उजेड आजूबाजूला रंगवायचाय. प्रकाश सरळ रेषेत जातो. एअरब्रशचा फवारा खांबाला वळसा घालून मागेही बसतो. स्फटिकाकडे पाठ केलेल्या दगडावर हिरवी झाक आली की सोंग उघडं पडतं. ड्रायब्रश स्फटिकाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला ओढला तर रंग समोरच्याच कडांवर लागतो, म्हणजे उजेड जिथे पडला असता तिथेच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, तेव्हा लवकर थांबा. हिरव्या उजेडातलं लाल कौल हिरवं रंगवू नका. लाल रंग हिरवा प्रकाश पिऊन टाकतो, कौल काळपट तपकिरीच दिसायला हवं.

काम झालं असं वाटलं की मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. स्फटिकापेक्षा भोवतालची जमीन उजळ दिसत असेल, तर स्फटिकाला हात लावू नका, जमिनीवर आणखी एक काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, द्या.