सुधारणा करा, पण बेताने

देशातल्या शाळा सुधारण्याचं काम उद्या तुमच्या गळ्यात पडलं, तर घाबरू नका. फक्त एखाद्या शाळेत जाऊन बसायचा मोह टाळा. तिथे शिक्षक कमी आहेत हे दिसतं, आणि एकदा दिसलं की भरतीचा विषय निघतो. त्यापेक्षा नाव बदला. शिक्षण मंत्रालयाचं 1985 मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं आणि 2020 मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय. एवढी मोठी झेप, खर्च काय तर पाट्या आणि शिक्के! मध्यान्ह भोजनाचंही 2021 मध्ये पीएम पोषण झालं. खिचडीला पत्ता नाही.

नावं संपली की आकडे हलवा. 2020 च्या शिक्षण धोरणासारखं शालेय वर्षांचं 10+2 खोडून 5+3+3+4 लिहा. बाराचे पंधरा होतात, कारण पहिलीच्या आधीची तीन वर्षं आत आली. अंगणवाडीताईंच्या मानधनाची बेरीज मात्र करायला घेऊ नका.

आता गुरुजी. 1987 च्या खडू-फळा योजनेत प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक मिळणार होते. आज एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. छान आहे की, स्टाफरूममधली भांडणं मिटली. हे एकटे गुरुजी पहिलीला पाढे लावून चौथीकडे वळतात, तोच ग्रुपवर ‘तात्काळ’ येऊन पडतं: आहाराची माहिती भरा, आधार न जुळलेल्यांची यादी द्या, रोपासोबतचा फोटो टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. तेव्हा उरलेली सगळी कामं शैक्षणिकच समजायची. रेंज नसेल तर गुरुजी टेकडीवर चढतील, व्यायाम होईल.

पोरांना वाचता येत नाही, अशी ओरड होईलच. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी जेमतेम 27 टक्के निघाली. यावर उपाय तयार आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली आहे. शिकवलं नाही कुणी, हे शोधत बसण्यापेक्षा शिकलं नाही कोण, ते सापडणं सोपं. ते समोरच बाकावर बसलेलं असतं.

पैशाचं विचारलं तर 6 टक्के म्हणा. राष्ट्रीय उत्पन्नाचा एवढा वाटा शिक्षणाला द्यावा, हे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं. 1968, 1986 आणि 2020 अशा तिन्ही राष्ट्रीय शिक्षण धोरणांत तो आकडा इमानाने उतरवला गेला. तुम्हाला वेगळं टंकलेखनही करावं लागणार नाही.

आणि मुदत नेहमी आपल्या बदलीनंतरची घाला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत द्यायचं, असं राज्यघटनेत लिहिलं होतं, म्हणजे 1960 पर्यंत. हक्क लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. मधल्या पन्नास वर्षांबद्दल कुणाची वेतनवाढ रोखल्याचं ऐकिवात नाही.