‘छोटा लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या टायपिंग संस्थेत दोन प्रकारचे लोक येतात. काही प्रवेश घ्यायला, काही ‘सर, मुलीला लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घेऊ’ हे विचारायला. हल्ली या दुसऱ्या लोकांच्या मोबाइलवर एकच मेसेज असतो. कुणाला नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला, कुणाला शाळेच्या. मजकूर साधारण असा:

‘पंचवीस हजारांच्या आतला अकरा-बारा इंची लॅपटॉप घेऊ नका. आय-३, आय-५ नाही म्हणजे प्रोसेसर कचरा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजवर काहीच चालत नाही. पंखा नसतो, त्यामुळे जळतो. छोट्या स्क्रीनने मुलांचे डोळे जातात, छोट्या कीबोर्डवर टायपिंग होत नाही. त्याच पैशात जुना आय-५ घ्या, नाहीतर मोबाइल आहेच. सर्व पालकांपर्यंत पोहोचवा.’

यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात मी वीस वर्षं संगणक जोडतोय, दुरुस्त करतोय, मुलांना शिकवतोय. मेसेजमध्ये रॅम आणि स्टोरेजबद्दल जे म्हटलंय ते बरंचसं खरं आहे, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. बाकीचं बहुतेक चूक आहे. ते वाचून लॅपटॉपचा विचारच सोडून दिलेली घरं मला माहीत आहेत. त्या घरातली मुलं आज कॉलेजचं सबमिशन मोबाइलवर अंगठ्याने टाइप करतात. म्हणून हे लिहितोय.

प्रोसेसरपासून सुरुवात करतो, कारण दुकानात पहिलं बोट त्याच्याच स्टिकरवर जातं. आय-५ हे नाव आहे, माप नव्हे. ऑफिसांनी वापरून काढलेल्या लॅपटॉपांमध्ये आय-५ ६३००यू सर्रास सापडतो. तो २०१५ चा. दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन मेंदू, आणि वीजखर्च पंधरा वॉट. २०२३ च्या जानेवारीत त्याच इंटेल कंपनीने एन१०० हा प्रोसेसर आणला. चार कोअर, जास्तीत जास्त ३.४ गिगाहर्ट्झ, आणि वॉट फक्त सहा. ब्राउझर, वर्ड, एक्सेल, ऑनलाइन तास अशा कामांत तो त्या जुन्या आय-५ च्या मागे राहत नाही, आणि चार गोष्टी एकदम चालू असल्या तर पुढेच जातो. पण स्टिकरवर ‘आय’ नाही, म्हणून बाप तो बाजूला सारतो आणि आठ वर्षं वापरलेलं यंत्र घरी नेतो.

लोकांच्या मनातल्या संशयाला कारण आहे, हे मान्य. २००७ साली असूसचा ई पीसी ७०१ आला तेव्हा त्याला सात इंची स्क्रीन होती आणि साठवायला जागा ४ जीबी. त्यानंतरच्या, इंटेलचा ॲटम हा कमी ताकदीचा प्रोसेसर असलेल्या छोट्या लॅपटॉपांनी, म्हणजे नेटबुकांनी, माझ्याच संस्थेत मुलांना रडवलं आहे. आजही इंटेलचा सेलेरॉन एन४०२० हा प्रोसेसर नव्या खोक्यात घालून विकला जातो. तो २०१९ चा, दोनच कोअरचा. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. ते उलगडायची सोय एन१०० मध्ये आतच आहे, एन४०२० मध्ये नाही, त्यामुळे त्याला सगळी मेहनत मुख्य कोअरकडून करून घ्यावी लागते. एन४०२० घेऊ नका, असं मीही सांगतो. पण एका सेलेरॉनचा राग सगळ्या छोट्या लॅपटॉपांवर काढणं हा अन्याय आहे.

आता रॅम आणि स्टोरेज. या मुद्द्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे मेसेजचं म्हणणं खरं असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

गेल्या जूनमध्ये शाळेची व्हॅन चालवणारे एक भाऊ मुलीचा लॅपटॉप घेऊन आले. बीकॉमच्या पहिल्या वर्षासाठी घेतलेला, अकरा इंची, घेऊन आठ दिवस झालेले. “सर, मेसेज खरा निघाला. मेलाच हा.” मी लॅपटॉप चालू केला, क्रोममध्ये पाच टॅब आणि वर्डची एक फाइल उघडली, आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर समोर आणला. मेमरी नव्वदीच्या वर. डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली. आणि प्रोसेसर? पंचविशीत. ज्याला सगळे शिव्या देत होते तो बिचारा हातावर हात ठेवून बसला होता.

मी त्यांना घरचं उदाहरण दिलं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. स्टोरेज म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की प्रत्येक पातेलं माळ्यावर ठेवायचं आणि लागलं की शिडी लावून परत काढायचं. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी ४ जीबीतला अर्ध्याहून जास्त ओटा अडवतं. उरलेल्या जागेत क्रोम मावत नाही, मग चढ-उतार सुरू होते. आणि या लॅपटॉपांत माळ्याची शिडीही मोडकी असते. तिथे एसएसडी ही वेगवान साठवण नसते, बोर्डावरच बसवलेली ईएमएमसी ही संथ साठवणीची चिप असते. कागदावर तिचा वेग सेकंदाला ४०० एमबीपर्यंत, साध्या साटा एसएसडीचा साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीचा काही हजार. छोटे छोटे हजारो तुकडे उचलायचे-ठेवायचे असतात तेव्हा ही तफावत कागदापेक्षा जास्त जाणवते. माउस अडकतो, खिडकी पांढरी पडते आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर बेकार.

६४ जीबीचंही तेच. मोजण्याच्या पद्धतीमुळे विंडोजमध्ये ते साठच्या खालीच दिसतात. त्यातले वीस-पंचवीस विंडोज स्वतः खातं. मोठा अपडेट आला की आणखी जागा मागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज ही किमान अट ठेवली आहे. किमान म्हणजे यंत्र उभं राहतं, पळत नाही.

मग भाऊंना मी मेमरीच्या पानावर खाली उजवीकडे एक ओळ दाखवली. ‘फॉर्म फॅक्टर: रो ऑफ चिप्स.’ म्हणजे रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली, पुढे कधीच वाढवता येणार नाही. ही ओळ दुकानातच पाहून घ्या. डेमोचा लॅपटॉप समोर असतो, दहा सेकंदांचं काम आहे. तिथे ‘एसओडिम’ लिहिलेलं असेल तर रॅमसाठी स्लॉट आहे, आणि आज ४ जीबीवर भागवून पुढे वाढवण्याची वाट उघडी राहते.

त्यांच्या लॅपटॉपची बदलून घेण्याची मुदत दोन दिवस शिल्लक होती. त्याच आकाराचा, एन१००, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला घेतला. चार हजार जास्त पडले. चार हजार ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच सांगतो की एकूण बजेट तेवढंच ठेवायचं असेल तर स्क्रीन छोटी घ्या, ब्रँड साधा घ्या, बॅगेवर पाणी सोडा, पण रॅम आणि एसएसडीवर तडजोड करू नका. ज्यांच्या गळ्यात ४ जीबीवाला आधीच पडलाय त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून पाहावी. तिचा भार विंडोजपेक्षा बराच कमी, आणि मराठी टायपिंग तिथेही चालतं.

याच ओघात आणखी एक. नव्या लॅपटॉपवर कधीकधी विंडोज ‘एस मोड’मध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर बसत नाही, आणि लोक समजतात यंत्रात दम नाही. स्टोअरमधून हा मोड फुकट काढता येतो. एकदा काढला की परत लावता येत नाही, पण परत लावायची गरजही पडत नाही.

‘पंखा नाही म्हणून जळतो.’ अजिबात नाही. सहा वॉटची उष्णता धातूच्या पट्टीवाटे निघून जाते, म्हणून पंखा लावलेलाच नसतो. फार तापलं तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी असा लॅपटॉप मंदावतो, हे खरं. गादीवर ठेवून वापरला तर जास्तच. पण दुसरी बाजूही बघा. आमच्या गावात कापसाच्या जिनिंग आहेत. हंगामात हवेत कापसाचे बारीक तंतू असतात. पंख्याचे लॅपटॉप माझ्याकडे येतात तेव्हा झाकण उघडलं की हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीच्या, तोंडावर नमद्यासारखा थर निघतो, चिमट्याने ओढला तर अख्खा सोलून येतो. ज्याला झरोकाच नाही त्याच्या आत हा थर बसायला वाटच नाही.

‘छोट्या स्क्रीनने डोळे जातात.’ इथे थोडं गणित करू. ११.६ इंचांच्या स्क्रीनवर १३६६ गुणिले ७६८ ठिपके असले तर इंचाला १३५ ठिपके पडतात. १५.६ इंची फुल एचडीत १४१. म्हणजे अक्षरांची धार जवळजवळ सारखीच. उलट १५.६ इंचांवर तेच १३६६ ठिपके ताणले तर इंचाला जेमतेम १०० उरतात, आणि असे मोठे, धूसर लॅपटॉप लोक ‘मोठी स्क्रीन’ म्हणून आनंदाने घेतात. छोट्या स्क्रीनवर अक्षर लहान दिसतं, त्यासाठी सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करायचं. त्याने एक्सेलच्या ओळी कमी दिसतात, ती गैरसोय आहेच. खरा दोष वेगळा आहे आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. तो म्हणजे टीएन या स्वस्त प्रकारची स्क्रीन. दुकानात स्क्रीन मागे ढकलून वरून आणि खालून बघा. चेहऱ्याचे रंग उलटे-काळपट झाले तर ते टीएन. ओसरीवर बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला तो दिवसा दिसणारही नाही. आयपीएस या चांगल्या प्रकारची स्क्रीन मिळत असेल तर तीच मागा.

‘त्याच पैशात जुना आय-५.’ विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. सहावी-सातवी पिढी (वरचा ६३००यू सहावीचाच), मोजके अपवाद सोडले तर, त्यात बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीचा, ८ जीबी आणि एसएसडीवाला जुना लॅपटॉप चांगल्या अवस्थेत मिळाला तर जरूर घ्या, मी स्वतः असे घेऊन दिले आहेत. फक्त दुकानदाराला विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. निम्म्यावर आलेली बॅटरी आणि पंधरा वॉटचा प्रोसेसर घेऊन वीज गेल्यावर फार वेळ निघत नाही. नव्या छोट्या लॅपटॉपची ३८ वॉट-तासांची बॅटरी, सरासरी सहा-सात वॉट खर्च धरला तर पाच-सहा तास जाते.

‘मोबाइल आहेच’ या मुद्द्यावर फार लिहित नाही. एका बाजूला प्रश्नपत्रिकेचा पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला उत्तराची फाइल, एवढं मोबाइलवर करून दाखवा. मात्र लॅपटॉपसारखं दिसणारं सगळंच विंडोज नसतं, हे ध्यानात ठेवा. २०२३ चं जिओबुक १६,४९९ रुपयांना आलं, वजन किलोच्या आत, सोबत सिमकार्डची सोय. पण त्यावर अँड्रॉइडवर बेतलेली जिओची स्वतःची प्रणाली आहे. आमच्या संस्थेतलं सरावाचं सॉफ्टवेअर त्यावर बसत नाही.

राहिला कीबोर्ड, आणि हा तर माझ्या रोजच्या भाकरीचा विषय. भाऊंची मुलगी नवा लॅपटॉप घेऊन संस्थेत आली तेव्हा मी तिच्या हातात कंपासपेटीतली पट्टी दिली. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या उजव्या कडेपर्यंत मोज म्हटलं. एकोणीस सेंटिमीटरला थोडं कमी. मग तिच्या लॅपटॉपवर. दोन मिलिमीटरचा फरक. अकरा इंची लॅपटॉपची रुंदी अठ्ठावीस-एकोणतीस सेंटिमीटर असते, पूर्ण मापाची अक्षरं त्यात आरामात बसतात. कंपनी जागा वाचवते ती कडेच्या बटणांवर. तिचा उजवा शिफ्ट अर्धाच होता. इंग्रजीत ते फारसं जाणवत नाही. पण इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर मराठी टाइप करताना अ, आ, इ, ई हे सगळे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, म्हणजे उजवी करंगळी सारखी त्या शिफ्टकडे धावते. पहिले चार दिवस तिचा ‘आ’ चुकत होता. पाचव्या दिवशी करंगळीला जागा सापडली. घेण्याआधी उजवा शिफ्ट पाहून घ्या, एवढंच.

तिने पट्टी दोन्ही कीबोर्डवर ठेवून फोटो काढले. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर, त्याच मेसेजच्या खाली, ते दोन फोटो आणि ‘रो ऑफ चिप्स’च्या ओळीचा तिसरा फोटो भाऊंच्या नावाने पडलेला होता.