१६एस जुळला नाही, एवढ्यावर जिवाणू नवा ठरत नाही

समाजमाध्यमांवर फिरणारा दावा असा: ‘प्रवाळाचा तुकडा घ्या, डीएनए काढा, १६एस जनुक वाचा. माहितीसाठ्याशी ९७ टक्क्यांहून कमी जुळला की नवी प्रजाती. काम एका दिवसाचं.’ (१६एस म्हणजे सर्व जिवाणूंमध्ये असणारं, त्यांची ओळख पटवायला वापरलं जाणारं जनुक.) यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासावा लागतो.

‘तुकडा घ्या.’ आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या खडकावरचा तुकडाही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

‘डीएनए काढा.’ त्या तुकड्यात प्रवाळाचा, त्यातल्या शैवालाचा आणि असंख्य जिवाणूंचा डीएनए मिसळलेला असतो. शैवालाच्या हरितलवकातही १६एस असतो, त्यामुळे पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढताना, तोही वाढतो. म्हणून आधी शुद्ध वाण, म्हणजे एकाच जिवाणूपासून वाढवलेली निर्भेळ वाढ, हवा. तुकडा निर्जंतुक समुद्राच्या पाण्याने धुवायचा, म्हणजे वरवर चिकटलेले जिवाणू निघून जातात. मग १ ग्रॅम वाटून ९ मिली तशाच पाण्यात मिसळायचा, दहा-दहा पटींनी विरळ करत जायचा आणि प्रत्येक पायरीचे ०.१ मिली मरीन अगारवर (समुद्री जिवाणू वाढवायचं, थाळीत गोठवलेलं माध्यम) पसरायचे. २५ ते २८ अंशांवर दोन दिवसांत ज्या वसाहती (जिवाणूंचे ठिपके) दिसतात, त्या बहुतेक जलद वाढणाऱ्यांच्या, बरेचदा व्हिब्रिओ या समुद्री जिवाणूंच्या. इथेच थाळ्या फेकल्या तर हळू वाढणारे हातचे जातात. त्या दोन-तीन आठवडे ठेवाव्यात, पण वाळू देऊ नयेत. वेचलेली वसाहत किमान तीनदा नव्या थाळीवर रेघांनी पसरायची. हे टाळलं की दोन जिवाणूंचा डीएनए एकत्र वाचला जातो आणि ‘न जुळणारा’ क्रम हमखास मिळतो.

‘९७ टक्के.’ हा आकडा मागे पडला, आज ९८.७ च्या आसपासची रेषा धरतात. पूर्ण जनुक सुमारे १५०० अक्षरांचं, म्हणजे फरक जेमतेम २० अक्षरांचा. क्रमाच्या दोन्ही टोकांचं अस्पष्ट वाचन कापलं नाही, तर तेवढ्या चुका सहज होतात. सव्वाचारशे-साडेचारशे अक्षरांच्या तुकड्यावरून तर निर्णयच देऊ नये. तुलनाही टाइप स्ट्रेनशी (प्रजातीचं नाव ज्याच्यावरून ठरतं त्या प्रमाण वाणाशी) हवी, माहितीसाठ्यातल्या निनावी क्रमांशी नव्हे. शिवाय ही कसोटी एकाच बाजूने चालते, जास्त जुळलं म्हणून प्रजाती एकच ठरत नाही: व्हिब्रिओच्या कितीतरी वेगळ्या प्रजातींचे १६एस ९९ टक्क्यांहूनही जास्त जुळतात.

त्यामुळे खरा निकाल संपूर्ण जीनोमवर, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएवर, लागतो. जवळच्या सर्व टाइप स्ट्रेनशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५-९६ टक्क्यांखाली आणि संगणकीय डीएनए-संकरण (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकाने काढलेला दुसरा अंदाज) ७० टक्क्यांखाली हवं. जीनोम किमान ५० पट खोलीने, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ५० वेळा, वाचलेला असावा आणि त्यात भेसळ नसावी.

‘एका दिवसाचं.’ मीठ, तापमान आणि सामू यांच्या मर्यादा, पेशीतली मेदाम्लं आणि क्विनोन ही रसायनं हे सगळं तपासायला महिने जातात. नाव वैध व्हायला वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. (२०२२ च्या सीक्वकोड या नियमावलीत वाणाऐवजी जीनोमच टाइप मानता येतो, पण ती वेगळी नामपद्धती आहे आणि तिथेही जीनोमचा दर्जा तपासला जातो.)

जवळच्या टाइप स्ट्रेनशी तुलना का टाळू नये, ते भूमध्य समुद्रातल्या ऑक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळावरच्या जिवाणूने दाखवलं. व्हिब्रिओ शिलोनी या नावाने २००१ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि त्याच वर्षी तो १९८६ मध्ये वर्णन झालेला व्हिब्रिओ मेडिटेरेनिआयच असल्याचं दुसऱ्या अभ्यासात आढळलं. नवं नाव समानार्थी ठरून गळालं.