सिन्नरला थांबा, मग पुढे जा

नाशिकच्या भटकंतीवरच्या तुमच्या लेखात त्र्यंबक, पंचवटी, सोमेश्वरचा धबधबा आणि द्राक्षांचे मळे, सगळं छान मांडलंय. पण सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ राहून गेलं, म्हणून लिहितेय. नाशिकहून जेमतेम तीस किलोमीटर. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या गावाजवळून भरधाव निघून जातात, आत कुणी वळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

यादवकाळातलं हे शैव पंचायतन आहे. मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, समोर नंदीचा मंडप. मी दर पावसाळ्यात आईला घेऊन जाते. ओला काळा दगड तेव्हा असा उजळतो की खांबावरच्या चिमुकल्या आकृतींच्या गळ्यातले दागिनेही वेगवेगळे दिसतात. घाई करू नका. एकच खांब निवडा आणि त्याच्यापुढे दहा मिनिटं उभे राहा.

थंडीत गेलात तर तिथूनच निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरला जा. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे ही पाणथळ तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून २०२० मध्ये तिची घोषणा झाली. पहाटे चापडगावच्या पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर पोचायचं, उन्हं चढली की मजा कमी होते. दुर्बीण हवीच. जांभळ्या पाणकोंबड्या मात्र नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, पाणवनस्पतींवर लांब बोटं टाकत चालताना.

आणि कृपा करून गाडीतली गाणी बंद ठेवा. पक्षी उठले की लवकर परत बसत नाहीत.