डर्क नोवित्स्कीला ‘लेचापेचा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये डॅलसकडून खेळलेला जर्मन बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्की याच्याबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. तो अंगाने लेचापेचा होता, लांबून शॉट मारण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, 2011 चं एनबीए विजेतेपद मायामीने हातचं घालवलं म्हणून डॅलसला मिळालं, आणि जर्मनीसाठी त्याने काही केलं नाही. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘लेचापेचा’ हा शिक्का 2007 मुळे बसला. मोसमात 67 सामने जिंकलेला डॅलस प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद मालिकांच्या, पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटकडून हरला, आणि शेवटच्या सामन्यात डर्कचे 13 पैकी फक्त 2 शॉट बास्केटमध्ये पडले. ते अपयश खरंच मोठं होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी सॅन अँटोनिओविरुद्धच्या सातव्या सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांनी मागे असताना, तो थेट बास्केटखाली घुसला, फाउल अंगावर घेत बास्केट केला आणि त्यावर मिळालेल्या फ्री थ्रोने (कोणी अडवत नसलेल्या एका गुणाच्या शॉटने) बरोबरी साधली. त्या दिवशी त्याचे 37 गुण आणि 15 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर झगडून पकडलेले बॉल) होते. प्लेऑफमधली त्याची कारकिर्दीची सरासरी 25.3 गुण आणि 10 रिबाउंड. धक्काबुक्कीला घाबरणाऱ्याला दहा रिबाउंड मिळत नाहीत. डिफेन्समध्ये त्याचे पाय संथ होते, ही टीका मात्र रास्त आहे.

‘नुसता शॉट’ म्हणणाऱ्यांनी त्याचा एका पायावरचा शॉट नीट पाहावा. बास्केटकडे पाठ करून फ्री थ्रो रेषेच्या आसपास बॉल घ्यायचा, खांद्याने हुलकावणी द्यायची, वळता वळता उजवा गुडघा वर उचलायचा आणि डाव्या पायावरून मागे झुकत उडी घ्यायची. वर आलेला गुडघा समोरच्याला अंगाला भिडू देत नाही, मागचा झोक आणखी अंतर देतो आणि सात फुटी माणूस डोक्यावरून बॉल सोडतो. नक्कल करणाऱ्यांचा बॉल बहुधा आखूड पडतो, कारण मागे जाताना पायांचा जोर बास्केटच्या दिशेने लागत नाही. तो मनगटाने आणि उंच कमानीने भरून काढावा लागतो. त्याचा गुरू होल्गर गेश्विंडनर गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला. बॉल कोणत्या कोनात सुटावा हे त्याने हिशेब मांडून ठरवलं आणि वर्षानुवर्षं घोटून घेतलं.

आता 2011. मायामीच्या लेब्रॉन जेम्सची फायनलमधली सरासरी 17.8 गुणांवर घसरली होती, हे मान्य. पण फायनलपर्यंत डॅलसला कोणी उचलून नेलं नव्हतं. गतविजेत्या लेकर्सना त्यांनी 4-0 ने धुतलं. ओक्लाहोमाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात डर्कने 15 पैकी 12 शॉट आणि 24 पैकी 24 फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकत 48 गुण केले. त्या मोसमात लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात डॅलसकडून खेळलेला तो एकटाच. फायनलच्या पहिल्या सामन्यात डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्या सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये 15 गुणांनी मागे पडलेल्या संघाचे शेवटचे नऊ गुण त्याचेच, आणि 3.6 सेकंद उरले असताना विजयी बास्केट त्याने त्याच डाव्या हाताने केला. चौथा सामना अंगात ताप घेऊन खेळला : 21 गुण, 11 रिबाउंड. सहाव्यात मध्यंतरापर्यंत 12 पैकी फक्त एक शॉट पडला होता, तरी शेवटी 21 गुण झालेच. मालिकेत 46 पैकी 45 फ्री थ्रो. आणि सहा सामन्यांच्या चौथ्या क्वार्टरमध्ये मिळून त्याचे 62 गुण, म्हणजे लेब्रॉन आणि त्याचा मायामीतला साथीदार ड्वेन वेड या दोघांचे मिळून झाले तेवढे. मायामी कमी पडली ती अशा खेळापुढे.

जर्मनीचा मुद्दा तर सगळ्यात पोकळ. जर्मनीचं 2023 चं विश्वविजेतेपद डर्क निवृत्त झाल्यावर आलं, म्हणून हा मुद्दा निघतो. 2002 च्या विश्वचषकात जर्मनीला कांस्यपदक मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू डर्क ठरला. 2005 च्या युरोपियन स्पर्धेत रौप्यपदक, आणि सर्वोत्तम पुन्हा तोच. एनबीएचा लांबलचक मोसम संपवून तो उन्हाळ्यात देशासाठी खेळायचा. 2008 मध्ये अथेन्सची पात्रता फेरी पार करून त्याने संघाला बीजिंगला नेलं. 1992 नंतर जर्मन बास्केटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकला पोचला होता, आणि उद्घाटनाच्या संचलनात देशाचा ध्वज डर्कच्या हाती होता.