‘ओसीआय घ्या ना’ म्हणणाऱ्यांनो, ही घ्या फाईल

‘अहो, बायकोला ओसीआय कार्ड घ्या ना, कशाला नागरिकत्वाच्या भानगडीत पडता?’ यापुढे हा सल्ला जो देईल त्याच्या हातात मी बायकोच्या भारतीय नागरिकत्वाच्या अर्जाची ही फाईलच ठेवणार आहे. घे बाबा, तूच फिर. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’; नावात सिटिझन असलं तरी माणूस परदेशी नागरिकच राहतो. ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि लग्नामुळे मिळालेलं कार्ड लग्न मोडलं की रद्द होऊ शकतं. म्हणजे बायकोचा इथला मुक्काम माझ्या स्वभावावर अवलंबून! तिला ते नकोय, आणि माझा स्वभाव बघता बरोबरच आहे तिचं.

बायको मॉरिशसची. तिचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेले. आमचा नेरूळला संसार, पोरगी दहावीत, सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार हीच बघते. अर्जाला राहत्या पत्त्याचं सोसायटीचं पत्र लावलं, तेसुद्धा हिनेच टाइप केलं आणि सेक्रेटरींनी खाली सही ठोकली.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न झालेल्याला ७ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. ठीक. पण खरी मेख पुढे. अर्जाच्या आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत किमान ६ वर्षं. त्या १२ महिन्यांत देशाबाहेर गेलात तर सूट फार तर ३० दिवसांची, तीही केंद्र सरकारला कारण पटलं तर. नेमकं त्याच वर्षी तिकडे मॉरिशसला सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. आईच्या उशाशी बसून हिने कॅलेंडर मोजायचं? मोजलं तिने. परत आल्यावर डायनिंग टेबलावर जुने-नवे पासपोर्ट पसरून आम्ही शिक्के वाचत बसलो. एक इतका पुसट की ११ तारीख की १७, यावरून आमची जुंपली. पोरगी मोबाईलचा टॉर्च धरून उभी, दुसऱ्या दिवशी तिची पूर्वपरीक्षा!

बरं, राहायचं नवी मुंबईत, पोलीस आयुक्तालय बेलापूरला, पण जिल्हा ठाणे; म्हणून अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथून मंत्रालय, मग दिल्ली. बेलापूरच्या पुढे खारघरला घर घेतलं असतं तर जिल्हा रायगड, म्हणजे अलिबागची वारी. तेवढं नशीब थोर.

आता खिडकीवरची गंमत. कुठली खिडकी ते लिहीत नाही, फाईल अजून फिरतेय. ‘लग्नाच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं.’ अहो, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव असणारच! प्रतिज्ञापत्र करा. केलं. ‘हे नोटरीचं आहे, मॅजिस्ट्रेटसमोरचं आणा.’ मग आधी का नाही सांगितलं? ‘तुम्ही विचारलं नाहीत.’ वर कहर म्हणजे ही समोर उभी राहून अस्खलित मराठीत बोलतेय आणि साहेब मला विचारतात, ‘मॅडमना समजतंय ना?’ मॅडमना सगळं समजतंय. तुम्हाला काय समजतंय ते सांगा.

मग चौकशी. साध्या वेशातले दोघे येऊन वॉचमनला विचारून गेले, आणि संध्याकाळपर्यंत बी विंगमध्ये बातमी की आमच्या घरी धाड पडली. अजून दोन काकू लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

दरम्यान व्हिसाची मुदत वाढवणं चालूच. आयकर भरतो, घरपट्टी भरतो, आधार कार्डही आहे तिच्याकडे, फक्त आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे तेवढं सगळ्यांना पाठ.

आणि मंजुरी आली तरी संपलं नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून आधी मॉरिशसचं सोडायचं, त्याचा कागद जमा करायचा, मग इथलं प्रमाणपत्र. तिकडचं सुटलं आणि इकडचं हातात पडलं नाही, अशात सासूबाईंना पुन्हा काही झालं तर हिने विमानतळावर कुठला पासपोर्ट दाखवायचा? हे मी त्याच खिडकीवर विचारलं. उत्तर आलं, ‘तेव्हाचं तेव्हा बघू.’